दुसऱ्याच्या लेकीचं माप

दणकाच्या दंडाला शिंपीमास्तरांनी टेप लावली, आकडा पाहिला, आणि आपलंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा लावली. साडेबारा इंच. वहीत गेल्या मोसमाच्या शेवटी लिहिलेला आकडा होता सव्वाअकरा.

“किती भरलं, काका?” दणकाने विचारलं.

“आहे, ठीक आहे,” मास्तर पुटपुटले आणि आकडा लिहिताना पेन्सिल इतकी दाबली की टोक तुटलं.

खांदा, पाठ, दंड, तिन्हीकडे पोरगी भरली होती. नुसती जाड झाली असती तर मास्तरांना दोन शब्द बोलून मन हलकं करता आलं असतं. पण वीस वर्षं अंगं मोजण्यात गेलेला माणूस तो. हे अंग बांधून आलेलं आहे, हे त्यांच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळलं.

दणका ही समोरच्या सायकलवाल्याची मुलगी. वय पंधरा. तिने फेकलेला गोळा पडला की त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि तेव्हापासून तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतं उरलं. तिच्या मागे रांगेत उभी होती मास्तरांची स्वतःची मुलगी. तीही पंधराची, तीही गोळाफेकीतलीच. तिला सगळे काडी म्हणत. हे नाव ठेवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं.

काडीचा दंड पावणेदहा भरला. मागचा आकडा साडेनऊ. म्हणजे अडीच महिन्यांत पाव इंच.

दोघी ज्या क्रीडा क्लबात होत्या आणि ज्याचे गणवेश मास्तर शिवत, त्याच्या स्पर्धा संपल्या की चार महिने मोकळे असत. क्लबच्या कोचताई मुलींना दरवर्षी बजावत, “स्पर्धेच्या दिवसांत अंग खर्च होतं. साठवायचं ते या चार महिन्यांत. वजनं उचला, पोटभर खा, वेळेवर झोपा.” सगळ्यांना एकच सांगणं, एकच मैदान, एकच वजनं. मग एकीच्या अंगी लागावं आणि दुसरीच्या नाही, हा कुठला न्याय? त्या दिवशी मास्तरांनी उरलेल्या पोरींची मापं घेतली खरी, पण लक्ष सगळं त्या साडेबारावर अडकलं होतं.

तसं पाहिलं तर हे दुखणं जुनं होतं. मास्तर आणि सायकलवाला एका शाळेतले, एका बाकावरचे. धावायला गेले की सायकलवाला दोन पावलं पुढे. हसवायला बसला की वर्ग त्याच्याकडे बघणार. मास्तरांनी दुकान टाकलं तर दोन वर्षांनी त्यानेही समोरच टाकलं आणि गिऱ्हाईक येताजाता आधी त्यालाच हाक मारू लागलं. इतक्या वर्षांत त्याने मास्तरांचं कधी काही वाईट केलं नव्हतं. माणूस वाईट असता तर निदान त्याचा राग तरी करता आला असता. पण रोज दुपारी चार वाजता तो चहाचे दोन पेले घेऊन रस्ता ओलांडून येई, शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसे आणि मनमोकळं बोले. अशा माणसाचा हेवा वाटणं फार कठीण असतं, कारण तो कुणापाशी बोलूनही दाखवता येत नाही.

त्या दिवशीही तो आला. मास्तरांनी शक्य तितक्या सहज विचारलं, “काय रे, पोरगी बरीच सुधारली की. काय खायला घालतोस?”

“काय घालणार? आम्ही खातो तेच.” सायकलवाला हसला. “जरा जास्त आणि जरा वेळेवर. सकाळी अंडी, दूध, पाव. शाळेत डबा. सरावाआधी केळी. रात्री भात, डाळ, भाजी, कधी मासे. आणि साडेनऊला दिवा बंद. पोरगी कुरकुरते, पण मी ऐकत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मास्तरांनी मान डोलावली आणि मनात म्हणाले, लपवतोय. इतक्या साध्या खाण्याने कुणाचं अंग असं भरत नाही. आणि त्याच आठवड्यात त्यांनी पाहिलं, की सरावाहून आल्यावर दणका वडिलांच्या दुकानात जाते, फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढते, त्यातलं मूठभर काहीतरी तोंडात टाकते आणि झाकण घट्ट लावून डबा परत ठेवते. बस्स. मास्तरांना जे हवं होतं ते सापडलं.

दुसऱ्या दिवशी ते व्यायामशाळेशेजारच्या दुकानात गेले. तिथला विक्रेता बाह्या दुमडून बसला होता, म्हणजे दंड दिसावेत. “मुलीसाठी हवंय? काही काळजी नको, काका. हे सकाळी दोन चमचे, हे सरावाआधी एक. दोन महिन्यांत तुम्हीच येऊन सांगाल.”

“पंधराच वर्षांची आहे.”

“मग तर लवकर लागेल.”

बादलीएवढा एक डबा आणि एक लहान डबा घेऊन मास्तर घरी आले. त्या दिवसापासून घरात नवी शिस्त सुरू झाली. सकाळी उठल्याबरोबर काडीने वजनकाट्यावर उभं राहायचं. आकडा मास्तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहायचे. मग पेलाभर पाण्यात पावडर ढवळून तिच्या हातात द्यायची. ते घट्ट, गोडसर पाणी पोटात गेलं की तिला नाश्त्याकडे बघवत नसे. मास्तर म्हणत, “राहू दे नाश्ता. यात सगळं आहे, डब्यावर लिहिलंय.”

काडीची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. सकाळी सहाला निघायची ती दुपारी यायची. दोन-तीन आठवडे तिने पाहिलं आणि एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता विचारलं, “अहो, ही जेवत का नाही?”

“पोट भरलेलं असतं तिचं.”

“झोपतही नाही. काल कुशीवर वळत पडली होती नुसती. छातीत धडधडतं म्हणते.”

“सराव वाढलाय. तू त्यात पडू नकोस. समोरच्याची पोर बघ कुठे पोचली.”

“समोरच्याची पोर मी कशाला बघू? मला माझी बघायचीय,” ती म्हणाली. पण मास्तर भिंतीवरचे आकडे बघत होते. पहिल्या आठवड्यात काटा अर्धा किलो वर गेला होता, तेव्हा त्यांनी खडूने त्याभोवती गोल काढला होता. पुढच्या दोन आठवड्यांत तो जिथल्या तिथे आला. मास्तरांनी दोन चमच्यांचे तीन केले.

काडीला त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. “त्या दणकाशी फार गुळपीठ नको. संघात गोळाफेकीची एकच जागा आहे, तिच्यासाठी दोघी भांडणार आहात. आपलं गुपित तिला कळायला नको.”

काडी बोलत नसे फारसं. वडिलांच्या गळ्यातली टेप दिसली की ती दोन्ही हात आपोआप बाजूला धरायची, एवढंच.

संघाच्या निवडचाचणीला तीन आठवडे राहिले आणि क्लबच्या नव्या गणवेशाचं कापड आलं. कुणीतरी देणगी दिलेलं, निळं, चिवट, मुळीच न ताणणारं. कोचताई स्वतः गठ्ठा घेऊन आल्या. “मास्तर, कापड जरा आडमुठं आहे. बगलेत आणि पाठीत ऐसपैस ठेवा. फेकताना हात अडकला तर सगळंच अडकलं.”

“मला शिकवता का, ताई?” मास्तर म्हणाले. दोघंही हसले.

मास्तरांनी नव्याने मापं घेतली. काडीच्या दंडात फरक नव्हता. दणकाची पाठ आणखी अर्ध्या इंचाने रुंदावली होती.

दुपारची वेळ होती. रस्त्यावर शांतता होती. समोर सायकलवाला चाकातली वाकडी तार सरळ करत बसला होता आणि शीळ घालत होता. मास्तरांनी निळं कापड अंथरलं, खडू घेतला आणि दणकाचं पान उघडलं. पानावर दोन आकडे होते, गेल्या मोसमाचा आणि आताचा. ते बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिले. मग त्यांनी जुन्या आकड्यावर बोट ठेवलं आणि पाठ बेतली. बगलेचा गोलही जुनाच घेतला. वाढत्या मुलींच्या कपड्यात शिवणीच्या आत जी दोन बोटं माया सोडायची, तीही सोडली नाही. कडेला लागून कात्री फिरवली, म्हणजे पुढे कुणी उसवून मोठं करू म्हटलं तरी होऊ नये.

कापडच आडमुठं आहे, त्यांनी मनाला सांगितलं. कुणी विचारलंच तर पोरगी वाढत्या अंगाची आहे. बाकीच्या अकरा मुलींचे गणवेश त्यांनी नेहमीसारखे, मन लावून शिवले.

निवडचाचणी सकाळी दहाला होती. गणवेश कोचताईंनी मैदानावरच वाटले. पालक बाकांवर बसले होते. सायकलवाल्याने मास्तरांसाठी आपल्या शेजारी जागा धरली होती.

दणका वर्तुळात उतरली. मानेशी गोळा टेकवला, गुडघे वाकवले, वळली, आणि हात पूर्ण सुटायच्या आतच अंग आखडल्यासारखं झालं. गोळा पडला तो नेहमीपेक्षा हातभर अलीकडे. तिने खांदे हलवून पाहिले. दुसरी फेक त्याहून कमी. सायकलवाल्याची शीळ थांबली.

मास्तर बाकावर जरा ताठ बसले. आपल्याला समाधान वाटतंय, हे त्यांना नाकारता आलं नसतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरचा दोन पावलं मागे होता.

कोचताईंनी दणकाला बाजूला घेतलं, बगलेत बोट घालून पाहिलं आणि बाकांकडे वळून हाक मारली. “मास्तर, हे फारच घट्ट झालंय हो. माप चुकलं का?”

मास्तर उठेपर्यंत दणकाच बोलली. “काकांचं नाही चुकलं, ताई. मीच फुगलेय.” तिने मान खाली घातली होती. पोटावर आणि दंडांवर दोन्ही हात अशा रीतीने धरले होते, जणू ते कुणाला दिसू नयेत. “आता खाणं कमी करते मी.”

मास्तर उभे होते तिथेच राहिले. अंगाने एवढी ती पोरगी, पण त्या क्षणी फार लहान दिसली.

तेवढ्यात काडीचं नाव पुकारलं. ती वर्तुळाकडे चालू लागली. चार पावलं गेली आणि थांबली. एक हात छातीवर ठेवला, दुसरा हवेत काहीतरी धरायला गेला, आणि ती खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच.

बाकांवरून माणसं उठेपर्यंत दणका तिच्यापाशी पोचलीही होती. तिने एक हात काडीच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला उचललं. उचलताना तिच्या पाठीची शिवण वरपासून खालपर्यंत फाटत गेल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला. दणकाने तिकडे लक्षही दिलं नाही. तिने काडीला सावलीत नेलं, पाय उंचावर ठेवले, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडून काडी दोन शब्द बोलली, तेव्हा दणकाने कोचताईंकडे पाहिलं. “ताई, हिने आजही सकाळी काही खाल्लं नसणार. रोज नसतंच खाल्लेलं. दहा वाजता माझ्या डब्यातलं खाते. आज वेळच मिळाला नाही.”

“तुझ्या डब्यातलं?” मास्तरांनी विचारलं.

“हो. अंडं, केळं, जे असेल ते. नाहीतर दुकानात बाबांचा डबा असतो.”

“कसला डबा?”

“शेंगदाणे आणि मनुका,” दणका म्हणाली. मास्तर हे का विचारतायत, ते तिला कळलंच नव्हतं. “काडीला आवडतात, म्हणून मी खिशात भरून आणते.”

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काडीला तपासलं, सलाइन लावलं, नाडी मोजली आणि काय काय घेतेस ते विचारलं. काडीने सांगितलं. मास्तरांना घरी जाऊन दोन्ही डबे आणावे लागले. लहान डब्यावरची बारीक अक्षरं वाचून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

“यातला एक चमचा म्हणजे चार कप कडक कॉफी. आणि ही उपाशीपोटी घेणार, वर मैदानावर जाणार. धडधडेल नाही तर काय होईल? शिवाय डब्यात असतं ते सगळं बाहेर लिहितातच असं नाही. संध्याकाळपर्यंत बरी होईल ती. पण हे आजपासून बंद.”

बाहेरच्या बाकावर कोचताई बसल्या होत्या. तरुणपणी त्या स्वतः गोळा फेकत. आता गुडघा साथ देत नसे. मास्तर त्यांच्याशेजारी बसले.

“तिचं भलं व्हावं म्हणूनच केलं, ताई,” मास्तर म्हणाले.

“तिचं?” कोचताईंनी आवाज चढवला नाही. “मास्तर, रागावू नका, पण तुम्ही तिच्याकडे पाहून हे केलंच नाहीत. तुम्ही दुसरीकडे पाहून केलंत. दणकाची आई उंच, बाप आडव्या हाडाचा. ती पोर दोन वर्षं आधी वयात आली. काडीचं अंग आत्ता कुठे जागं व्हायला लागलंय. दोघी एकाच वर्गात आहेत म्हणून त्यांची अंगंही एकाच वर्गात असतील का?”

“मग दुसरीचं होतं ते बघत बसायचं?”

“खायला घालायचं. आधी तेवढं करा, बाकीचं अंगाचं अंग बघून घेतं. तीन जेवणं आणि मधली दोन खाणी. प्रत्येक वेळी थोडं दूध, दही, अंडं, डाळ, मासा, जे घरात असेल ते, आणि त्याच्या जोडीला भात, पाव, बटाटा भरपूर. मुली भाताला घाबरतात आणि तुम्ही पावडरीने पोट भरता. अहो, वजनं उचलायला जोर कशातून येणार? आठवड्याला पाव किलो वाढलं तरी खूप झालं. एखाद्या आठवड्यात काहीच वाढणार नाही, तेव्हा भिंतीवर खडू चालवायचा नाही. आणि नऊ तास झोप. अंग मैदानावर वाढत नाही, मास्तर, अंथरुणात वाढतं.”

मास्तरांनी दोन्ही डबे पायाने बाकाखाली सरकवले.

“तुम्हाला तर हे मी सांगायला नको,” त्या म्हणाल्या. “वाढत्या पोरीचा कपडा शिवताना शिवणीत माया सोडता ना? का सोडता? आज अंगाला लागत नाही, उद्या लागेल म्हणून. कपड्याला एवढी मुभा देता, मग पोटच्या पोरीला का नाही दिलीत?”

कोचताईंना दणकाच्या गणवेशाचं काहीच ठाऊक नव्हतं. त्या सरळ मनाने बोलल्या होत्या. पण मास्तरांना वाटलं, यांनी चारचौघांत आपली कॉलर धरली. ते उठून पाणी प्यायला गेले आणि नळाशी बराच वेळ उभे राहिले.

काडी संध्याकाळी घरी आली. आईने मऊ भात आणि दही कालवून पुढे ठेवलं. काडीने ते सगळं खाल्लं आणि पुन्हा मागितलं. आई भिंतीपाशी गेली आणि ओल्या फडक्याने सगळे आकडे पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सायकलवाला चहा घेऊन आला. काडीची चौकशी केली. मग पेला हातात फिरवत राहिला.

“मास्तर, तुझ्याकडे एक काम होतं. पोरगी काल रात्री जेवली नाही. आज सकाळीही नुसता चहा. म्हणते, मला कपडे होत नाहीत, मी हत्तीण झालेय. इतकी वर्षं तिने कधी असं म्हटलं नव्हतं रे. तू जरा समजावशील? कपड्यातलं तुला कळतं. तुझं ऐकेल.”

कुणालाही काही माहीत नव्हतं. फाटलेला गणवेश मास्तरांच्याच दुकानात दुरुस्तीला येऊन पडला होता. नवीन शिवून दिला असता, पोरीला दोन गोड शब्द सांगितले असते, तर सायकलवाल्याने उलट आभारच मानले असते. मास्तरांनी क्षणभर तेही मनात तोलून पाहिलं. हेवा माणसाला इतकं खाली नेतो, की वर यायची शिडी समोर असली तरी तो आधी पळवाट शोधतो.

मग त्यांनी वही काढली, दणकाचं पान उघडलं आणि मित्राच्या मांडीवर ठेवलं.

“हा आकडा जुना. हा नवा. मी जुन्यावर बेतला. चुकून नाही. मुद्दाम.”

सायकलवाल्याने वहीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. “का?”

“तुझी पोरगी वाढली आणि माझी नाही वाढली. एवढंच कारण आहे, लेका. दुसरं शोधलं तर सापडत नाही.”

सायकलवाला उठला. चहा तसाच राहिला. दारात जाऊन तो थांबला. “पाडायचंच होतं तर मला पाडायचंस,” तो म्हणाला. “मी सहन केलं असतं. तिला स्वतःच्या अंगाची लाज वाटायला लावलीस तू.” आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

मास्तरांनी दुकान अर्ध्यावर ओढलं आणि त्याच्या मागोमाग गेले. सायकलवाल्याने त्यांना बस म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. आत दणका शाळेच्या वह्यांवर डोकं टेकून बसली होती.

“दणका, तू नाही फुगलीस,” मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले. “तुझा गणवेश मी मुद्दाम लहान शिवला. मला तुझा हेवा वाटला. तुझ्या अंगात काही चुकलेलं नाही, बाळ. चूक माझ्या मनात होती.”

दणकाने वह्यांवरून डोकं उचललं. मोठं माणूस असं काही बोलतं, हे तिने यापूर्वी ऐकलं नसावं.

“म्हणजे मी वाढले ते बरोबर आहे?”

“अगदी बरोबर आहे. इतकी मेहनत करून वाढली नसतीस तर चुकलं असतं.”

“काडीला माहितेय हे?”

“अजून नाही. आज सांगणार आहे.”

“मग तिला हेही सांगा, की उद्या शाळेत डबा मीच आणणार आहे. तिने आणायचा नाही,” दणका म्हणाली. मग थोड्या वेळाने ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि आईला म्हणाली, “मला भूक लागलीय.” त्या तीन शब्दांनी सायकलवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मास्तरांनी घरी जाऊन काडीलाही सगळं सांगितलं, बायकोसमोर, काही न लपवता. कोचताईंनाही सांगितलं. त्या खूप बोलल्या, आणि ते सगळं त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. चाचणी पंधरा दिवसांनी सगळ्यांसाठी पुन्हा घ्यायचं ठरलं.

त्या चाचणीत, मास्तरांनी नव्या मापाने शिवलेल्या गणवेशात, दणका निवडली गेली. काडी सातवी आली. पण तिने स्वतःच्या गेल्या वर्षीच्या फेकीपेक्षा दीड वीत पुढे गोळा टाकला, आणि खाली बसून नव्हे, उड्या मारत परत आली. त्या आधीच्या रात्री ती साडेनऊला झोपली होती आणि सकाळी आईने कामाला जाताना ठेवलेली अंडी, पाव, दूध, सगळं संपवून आली होती. नाश्त्याला तिच्यासमोर बसून स्वतःही खायचं, हा मास्तरांचा नवा नेम होता. त्या निमित्ताने त्यांना कळलं, की आपली मुलगी बऱ्यापैकी विनोदी आहे.

सायकलवाला महिनाभर चहाला आला नाही. मास्तरांनी तक्रार केली नाही. एके दिवशी ते स्वतःच दोन पेले घेऊन रस्ता ओलांडून गेले. सायकलवाल्याने एक पेला घेतला, दुसऱ्या हाताने पंप चालूच ठेवला, आणि बोलला नाही. मास्तर दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, “साखर कमी आहे.” मास्तरांना तेवढं पुरलं.

हेवा मास्तरांच्या मनातून कायमचा गेला का? तसं म्हणणं खोटं होईल. अजूनही दणकाचा गोळा लांब पडला की आत कुठेतरी कळ उठते. पण आता ती कळ उठली की ते तिला ओळखतात आणि आधी स्वतःच्या लेकीकडे वळून बघतात, की हिने आज खाल्लं का, ही झोपली का, ही हसली का.

तुमच्या-आमच्या घरातही वाढत्या वयाची मुलं आहेत. कुणी उंच होतं, कुणी रुंद होतं, कुणी दोन वर्षं थांबून मग वाढतं. त्यांना वेळेवर ताजं अन्न लागतं, पुरेशी झोप लागते आणि आईबापांचा धीर लागतो. यातलं काहीच डब्यात मिळत नाही. आणि शेजाऱ्याचं मूल वाढलं म्हणून आपल्या मुलाच्या ताटातलं काही कमी होत नसतं. कमी होतं ते आपणच हेव्यापायी तिकडे बघत बसलो, म्हणून.